खड्याच्या वाट्याचा धडा

पॉवरलूमच्या गाळ्यात कानांचं काम डोळे करतात. शेजारचा काय म्हणतो ते त्याच्या ओठांवर वाचायचं असतं.

·

वाघखोंड. घरे अकरा. दारे दहा.

·

पानात तीन भाकऱ्या वाढू नयेत. वाढायच्याच असतील तर चौथीचा तुकडा मोडून बाजूला ठेवावा.

·

नियम तिसरा : जो शिकवतो, तो लिहीत नाही.

·

ब्लॉक चार, ब्लॉक सात, ब्लॉक नऊ. मधे दोन जिने आणि पाण्याची टाकी.

·

"पास झालीस तं नर्सिंग. न्हाय तं मामाच्या पोल्ट्रीवर अंडी मोज," असं म्हणून अनंताने पोरीच्या पाठीवर थाप मारली. प्रेमाने मारली, पण लागली.

·

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता तीन वह्या चटईवर उघड्या पडल्या होत्या, आणि तिन्ही भरलेल्या होत्या.

·

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात ऑक्टोबरपासून करायला हवी.

ऑक्टोबरात बारावी आर्ट्सच्या सहामाहीत भूगोलाला ऐंशीपैकी तुळजाला सतरा मिळाले, मृणालीला एकोणीस आणि विपुलला चौदा. सर वर्गात म्हणाले, "तिघांची बेरीज केली तरी एकच जण पास होतो." वर्ग हसला. ते तिघं हसले नाहीत, पण सुट्टीत नळावर एकत्र आले आणि सरांचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं. बेरीज करायची.

तुळजा पडघ्याहून एसटीने यायची. घरची शेती नावापुरती, बाप अनंता दुसऱ्याच्या बांधावर. वर्गात तिचा आवाज वर्षभरात फार तर हजेरीला निघत असेल. मृणाली खाडीकाठच्या गावातली. तिच्या आजोबांनी मिठागरात पाय भाजले आणि बापाने हायवेला लागलेली जमीन विकून जिन्याला संगमरवर लावला. विपुल कॉलेजच्याच शहरातला, निजामपुऱ्यातला. त्याचा बाप आठ लूम एकटा सांभाळायचा.

जागा मिळाली ती मृणालीच्या केसरीनाथ काकांची. निजामपुऱ्यात त्यांचा गाळा होता, खाली बारा लूम आणि वर एक रिकामी खोली. भाडं नाही, पंखा आहे, खिडकीला काच आहे. अडचण एकच. खाली लूम सुरू झाले की वर माणूस किंचाळला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे.

"ओठ बघायचे," विपुलने सांगितलं. "कारीगर लोग ऐसेच बात करतात खाली. माझा बाप तर फोनवर पण नुसते ओठ हलवतो. मग आठवतं त्याला, की समोरच्याला दिसत नाहीये."

पहिले आठ दिवस तुळजाला विपुलच्या ओठांवर नुसत्या शिव्या दिसायच्या. त्या शिव्याच होत्या, असं त्याने नंतर कबूल केलं. पण पंधरा दिवसांत तिघांना जमलं. तुळजाला तर सगळ्यांत आधी. ज्या पोरीला चारचौघांत तोंड उघडायची भीती, तिला आवाज न काढता बोलायची जागा मिळाली, ती सुटलीच. भातशेती, मासेमारी, खाणी असं सगळं ती ओठांनी सांगायची आणि बाकीचे दोघं भराभरा लिहून घ्यायचे.

शुक्रवारी लूम बंद असत. एकदा ते शुक्रवारी आले, तर शांततेत एकमेकांकडे बघवेना. आपलाच आवाज परक्यासारखा वाटायला लागला. तेव्हापासून शुक्रवारी सुट्टी.

आणि खडा आला तो पहिल्याच दिवशी.

केसरीनाथ काकांच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्का चहा घेऊन वर आली, दारातच थांबली.

"तिघांनीच बसलांव?"

"तिघंच आहोत गं, आक्का," मृणाली म्हणाली.

"तीन तिगाडा, काम बिगाडा. चौथा खडा ठेवा बाजूला, मगच पुस्तक उघडा."

तुळजाला हे नवीन नव्हतं. तिच्या घरीही तिघं कामाला निघाले तर चौथा म्हणून खडा खिशात टाकायचे. ती खाली गेली, गल्लीतून बोटाएवढा काळसर खडा उचलून आणला आणि चटईच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवला.

"आता हा मेंबर," विपुल म्हणाला. "पण फुकट बसवायचा नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक आयतोबा असतो, ती जागा भरलेली आहे. मी आहे. याला काम द्या."

म्हणून भूगोलाचे चार वाटे झाले. पुस्तक शिवणीतून उसवून चार गठ्ठे केले. लोकसंख्या मृणालीकडे, कारखानदारी विपुलकडे, शेती-मासेमारी तुळजाकडे. चौथा गठ्ठा मानवी वसाहतींचा. माणसं कुठे घरं बांधतात, घरं एका ओळीत का येतात, काही गावं का ओस पडतात. तो खड्याखाली ठेवला.

"हा कधी शिकवणार?" मृणालीने विचारलं.

"त्याची त्याला काळजी," विपुल म्हणाला, आणि तिघं पोट धरून हसले. मनातल्या मनात प्रत्येक जण धरून चालला की चौथा वाटा शेवटी दुसरा कुणीतरी घेईल.

नियमही त्याच दिवशी झाले. पैकी तिसरा महत्त्वाचा. जो शिकवतो, तो लिहीत नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या वहीत त्याच्या स्वतःच्या वाट्याची पानं कोरी राहत. "ज्याने शिकवलं त्याला लिहायची गरज काय," मृणाली म्हणाली, आणि ते खरं होतं. एकट्याने पाठ केलेलं एसटी पडघ्याला पोचेपर्यंत उडून जायचं. दुसऱ्याला सांगितलेलं उडत नसे. डिसेंबरच्या चाचणीत विपुलला एक्केचाळीस पडले तेव्हा सरांनी त्याला पेपर परत सोडवायला लावला. परत एक्केचाळीस पडले.

·

फेब्रुवारीत बोर्डाच्या पेपराला तिघांचे नंबर तीन वेगळ्या ब्लॉकमध्ये आले.

प्रश्न होता : रेषाकृती वसाहतीचे उदाहरण देऊन वर्णन करा, आकृती काढा. तुळजाने तो वाचला आणि तिला हायसं वाटलं. हे तर येतं. स्वतःच्या घराच्या पायऱ्या याव्यात इतकं येतं. ओठ हलायला लागले. ती सवय आता जाणार नव्हती. हात चालत राहिला.

*वाघखोंड ही रेषाकृती वसाहत आहे. येथे अकरा घरे असून ती ओढ्याच्या एकाच काठाने आहेत. दहा घरांना दारे आहेत. अकराव्या घराला दार नाही. तरी तेथे वस्ती आहे.*

तिने अकरा चौकोन काढले. दहांना दारं काढली.

हे गाव तिने पाहिलेलं नव्हतं, पुस्तकात वाचलेलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं ते एप्रिलच्या शेवटी, जेव्हा बोर्डाचं पत्र आलं. तीन उत्तरपत्रिकांत एका प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आहे. आकृतीही सारखी आहे. निकाल राखून ठेवण्यात येत आहे. अभ्यासाचा काही पुरावा असल्यास चौकशीला सोबत आणावा.

"कॉपी केलीस का?" अनंताने एकदाच विचारलं.

"न्हाय, बाबा."

"मंग जाऊन सांग तसं." त्याने पुढे विचारलं नाही. मामाला फोन मात्र लावून ठेवला. कॉपी ठरली तर पेपर रद्द, वरून पुढच्या परीक्षेलाही बसू देणार नाहीत. नर्सिंगचे फॉर्म जूनमध्ये संपणार. एवढं त्यालाही कळत होतं.

·

तर तो मंगळवार. साडेअकराला कॉलेजात चौकशी. नऊ वाजता तिघं वरच्या खोलीत आले, वह्या लावून घ्यायला. खाली बाराही लूम चालू.

मृणालीची वही : पहिला वाटा कोरा. विपुलची : दुसरा कोरा. तुळजाची : तिसरा कोरा. बरोबर.

चौथा वाटा तिन्ही वह्यांत भरलेला.

"चौथा तू शिकवलास ना?" मृणालीचे ओठ विपुलला म्हणाले.

"मी? माझाच दुसरा मी धड पुरा केला नाही. तुळजाने शिकवला."

"मी न्हाय," तुळजा म्हणाली. "मला वाटतं मृणालीने."

"मी लिहून घेतलंय! हे बघ माझं अक्षर!"

अक्षर ज्याचं त्याचं होतं. वरती तारखा होत्या. नऊ, सोळा, तेवीस, तीस जानेवारी. विपुलने मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं आणि स्क्रीन दोघींसमोर धरली. चारही शुक्रवार.

"शुक्रवारी आपण येतच नाही," मृणाली म्हणाली.

चटईच्या चौथ्या कोपऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. तुळजाने बघितलं. खडा होता तिथेच होता. पण त्याच्या भोवतीच्या चटईच्या काड्या बसून बसून चपट्या झाल्या होत्या. बाकीच्या तीन कोपऱ्यांतल्या झाल्या होत्या तशाच.

मग भांडण झालं. सहा महिने साचलेलं एकदम आलं.

"सगळं आयतं पाहिजे तुम्हाला. जागा माझी, चहा माझा!"

"जागा काकाची, चहा आक्काचा. तुझं काय होतं? ऑर्डरी!"

"आणि तुझं? सोळा दिवस दांडी!"

"आपण चौकशीच्या साहेबाला काय सांगायचं ते आधी ठरवा," तुळजा मधे म्हणाली. पण ती दोघं एकमेकांच्या ओठांकडे बघत होती. तुळजाच्या ओठांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून तिचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

तिला साहेबाचा चेहरा दिसायला लागला. खड्याने शिकवलं, असं त्याला सांगायचं? त्याला फक्त एवढंच बघायचं असणार की तिघांपैकी एकाचं पान कोरं आहे की नाही. तिने आपली वही ओढली, चौथ्या वाट्याची आठ पानं धरली आणि फाडली.

तो आवाजही लूममध्ये बुडाला. पण दोघांना दिसलं. भांडण थांबलं.

"मी शिकवलं," तुळजाचे ओठ म्हणाले. "तुम्ही लिहून घेतलं. असंच सांगायचं."

जाताना तिने पानांचा बोळा खाली सुताच्या कचऱ्याच्या गोणीत कोंबला. हात बाहेर काढला तेव्हा गोणीत आतून कुणीतरी पान सपाट करत असल्यासारखी खसखस झाली. उंदीर असेल. गाळ्यात उंदीर फार.

·

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पंख्याखाली चौकशी अधिकारी ब्लेडने पेन्सिलला टोक काढत बसले होते. त्यांच्या शेजारी ऑफिसातल्या वैशाली मॅडम, जबाब लिहून घ्यायला.

अधिकारी रागीट नव्हते. तुळजाला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी लॅपटॉप वळवला. स्क्रीनवर सीसीटीव्हीतले तीन ब्लॉक, तीन चौकटी. तीन चौकटींत तिघांचे ओठ हलत होते. एकाच वेळी उघडत, एकाच वेळी मिटत.

"हे काय आहे?"

"सवय आहे सर," विपुल म्हणाला. "आम्ही लूमच्या वर अभ्यास करायचो. तिथे बोललेलं ऐकू येत नाही. खोटं वाटत असेल तर लांबून काहीतरी बोला, मी ओळखतो."

अधिकारी खिडकीपाशी गेले, ओठ हलवले.

"'चहा का नाही आला अजून,'" विपुल म्हणाला.

वैशाली मॅडम हसल्या. अधिकारीही हसले. परत येऊन बसले तेव्हा हसू संपलेलं होतं.

"ओठांचं मी समजू शकतो. गावाचं नाही. वाघखोंड नावाचं गाव मी तालुक्याच्या यादीत शोधलं, जिल्ह्याच्या शोधलं. नाही. म्हणजे तुम्हा तिघांना हे कुणीतरी एकानेच सांगितलंय. पेपर चालू असताना, की पेपराच्या आधी? एवढंच मला बघायचंय. वह्या?"

वह्या दिल्या. नियम सांगितला. त्यांनी पहिला कोरा वाटा पाहिला, मान हलवली. दुसरा, तिसरा. मग तुळजाच्या वहीतला चौथा पाहायला गेले आणि वहीच्या पहिल्या भागातली आठ पानं सुटून टेबलावर पसरली.

शिवलेल्या वहीचं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागचं पान फाडलं की पुढचं त्याचं जोडपान सैल होतं.

"फाडलीस," अधिकारी म्हणाले.

मृणालीने डोळे मिटले. विपुल जमिनीकडे बघत राहिला.

"चुकीचं लिहिलं होतं, सर, म्हणून. पण शिकवलं मीच. गाव पण मीच बनवलं, उदाहरणाला."

"नक्की?"

"हो."

"मग शिकव." त्यांनी खडू पुढे केला. "आत्ता. आम्हाला सगळ्यांना. जे तू खरंच शिकवलं असशील, ते तुला न बघता येईल."

तुळजा फळ्याशी गेली. फळा खिडकीला लागून होता. तिने तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

खाकरून तिने पुन्हा प्रयत्न केला. जीभ हलत होती, ओठ हलत होते, गळ्यात काहीच नव्हतं. तिच्या मनात आलं, संपलं. पोल्ट्री. मामाच्या घरचा तो आंबूस वास आत्ताच नाकात आला.

पण समोर वैशाली मॅडम लिहीत होत्या. मृणालीने खाली मान घालून लिहायला घेतलं होतं. विपुलला पेन सापडेना तेव्हा त्याने मॅडमसमोरचं दुसरं उचललं. अधिकाऱ्यांची पेन्सिल कागदावर सरसर चालली होती आणि मधेच ते हात वर करून "जरा हळू" असं खुणावत होते. स्टाफरूममध्ये पंख्याशिवाय आणि पेनांशिवाय कसलाही आवाज नव्हता.

आपण काय सांगतोय हे तुळजाला कळेना. तिने खिडकीच्या काचेत बघितलं. काचेत तिचे ओठ दिसत होते, आणि ते तिला वाचता येत होते. विपुलचे वाचायची तसेच.

*लोक घर बांधतात, कारण बाहेरून आत यायचं असतं. अकराव्या घरात कुणी बाहेरून आलेलं नाही. म्हणून तिथे दार नाही. ते घर भिंतींनी शिकतं. शेजारच्या दहा घरांत काय बोलतात ते ऐकत राहतं.*

ती वाचत राहिली. तिला हे माहीत नव्हतं. ती हे आत्ता शिकत होती. चांगलं सांगत होतं ते, मुद्द्याला धरून, न अडखळता. असं तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं. एक वाक्य निसटू नये म्हणून ती काचेकडे टक लावून उभी राहिली. आणि मग तिला उजव्या हाताला खडूची कुसकुस जाणवली.

तिचा हात फळ्यावर चालला होता. शब्दामागून शब्द, ओळीमागून ओळ. तीही लिहून घेत होती.

खोलीतले पाचही जण लिहीत होते.

·

"छान," अधिकारी कागद उलटा ठेवत म्हणाले. कपाळावर घाम होता. "पटलं मला. एक सांगू? आवाज चांगला आहे तुझा. खणखणीत. मागच्या बाकापर्यंत जाईल असा. पुढे डी.एड. कर."

वैशाली मॅडमनी जबाबाचा कागद सहीला पुढे केला. चार पानं झाली होती. तुळजाने शेवटची ओळ वाचली. *वाघखोंड. घरे बारा. दारे दहा.*

तिने सही केली.

बाहेर जिन्यात मृणालीने तिला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

"सॉरी गं. मी उगाच भांडत बसले. आत तू बोलायला लागलीस ना, तेव्हा मला सगळं आठवलं. तूच शिकवलं होतंस."

"मृणाली, मी खोटं..."

"हिरवी ओढणी होती तुझ्या अंगावर. खाली लूम बंद, आणि तुझा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला मी. आठवतंय ना, विपुल?"

"हो ना यार," विपुल म्हणाला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "शुक्रवारीच तर. मी वडापाव आणले होते. तू खाल्ला नाहीस, म्हणालीस शिकवताना खात नाही. साला, आपण विसरलोच कसं?"

दोघंही खरंच आठवल्यासारखे हसत होते. डोळ्यांत कुठे खोट नव्हती. तुळजासमोर दोघांचे निकाल होते, आणि तिसरा तिचा.

"हो," ती म्हणाली. "मीच."

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. भूगोलाला तिला त्रेसष्ट. अनंताने पेढे आणले. नर्सिंगला नंबर लागला. पहिल्या दिवशी वर्गात शिक्षिकेने विचारलं, कुणाला समजावून सांगता येतं, पुढे या. आजूबाजूच्या मुली तुळजाच्या ओठांकडे बघायला लागल्या, तेव्हा तिला कळलं की ते हलतायत.

परीक्षेआधीच्या डिसेंबरात अठरा पूर्ण झाल्यावर तुळजाने पडघ्याच्या एका गोदामात दर शुक्रवारची पॅकिंगची ड्युटी धरली होती. नऊ, सोळा, तेवीस आणि तीस जानेवारीला सकाळी आठ आणि रात्री आठ, दोन्ही वेळा तिचा अंगठा तिथल्या हजेरीच्या मशीनवर लागलेला आहे.